‘देवाने दिलं’ हे वाक्य प्रबंधात कुठे ठेवायचं? पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ वाचताना

समजा, तुम्ही एखाद्या मिशनचं जुनं वार्षिक वृत्त किंवा आत्मकथन वाचताय आणि त्यात असा आशय येतो: आमच्याजवळ काहीच नव्हतं, आम्ही प्रार्थना केली, देवाने सामर्थ्य दिलं, काम पार पडलं. वाचताना आपण पान उलटून पुढे जातो. अडचण येते लिहायला बसल्यावर. प्रकरणात या वाक्याचं करायचं काय?

बहुतेक पेपरांमध्ये याची दोनच उत्तरं दिसतात. एक म्हणजे वाक्याचा लगेच अनुवाद करून टाकायचा. ‘देवाने दिलं’ म्हणजे अमेरिकेतल्या देणगीदारांनी दिलं, ‘पवित्र आत्म्याचं सामर्थ्य’ म्हणजे सामूहिक भावनोद्रेक, झालं. दुसरं उत्तर चर्चच्या स्मरणिकांमधलं. तिथे वाक्य जसंच्या तसं उतरवतात आणि पुढे धन्यवाद जोडतात. पहिला प्रकार संशोधनासारखा दिसतो, म्हणून आपल्याला तो बरोबर वाटतो. पण नीट बघा, दोन्ही ठिकाणी वाक्य वाचलं गेलेलंच नाही. एकाने ते खोडलं, दुसऱ्याने त्याला हार घातला.

आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितेय त्यात हा प्रश्न पानोपानी येतो. पंडिता रमाबाईंचं ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे छोटं इंग्रजी पुस्तक 1907 साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालं. नावाचं मराठी ‘आमच्या अक्षय संपत्तीची साक्ष’ असं काहीसं होईल. यापुढे मी त्याला नुसतं ‘साक्ष’ म्हणते. मीरा कोसंबींनी संपादित केलेल्या ‘पंडिता रमाबाई थ्रू हर ओन वर्ड्स’ (2000) या संग्रहात ते मिळतं. मूळ प्रत शोधायच्या आधी तिथूनच सुरुवात करा.

आपल्याकडे रमाबाईंचा अभ्यास साधारण 1882 ते 1893 या काळाभोवती घुटमळतो. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीती’, हंटर आयोगापुढची साक्ष, इंग्लंडमधला बाप्तिस्मा, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’, शारदा सदन आणि त्यावरून पेटलेला वाद. केडगावच्या रमाबाई, ज्या अठ्ठ्याण्णव सालापासून 5 एप्रिल 1922 ला मृत्यू येईपर्यंत मुक्ती चालवत राहिल्या, त्यांच्यापाशी आपण थबकतो. कारण तिथे त्या सतत देवाबद्दल बोलतात. आपल्याला हव्या त्या रमाबाई जणू केडगावच्या आधीच उतरून गेल्या! उमा चक्रवर्ती आणि गौरी विश्वनाथन यांच्या पुस्तकांनी (दोन्ही 1998 ची) धर्मांतर हा विषय गंभीरपणे घ्यायला शिकवलं, हे खरंच. पण विद्यापीठांतल्या सेमिनारमध्ये अजूनही ‘नंतर त्या धार्मिक झाल्या’ असं एक वाक्य टाकून चोवीस वर्षं संपवली जातात.

‘साक्ष’ वाचायचं कारण हेच आहे. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या पुस्तकात देवाच्या सामर्थ्यावर विसंबण्याच्या दोन गोष्टी आहेत. एक सुरुवातीला आहे आणि ती उपासमारीत संपते. दुसरी शेवटाकडे आहे आणि तिच्यातून एक गावच्या गाव उभं राहतं. दोन्हींमध्ये विसंबणं सारखंच संपूर्ण आहे. मग फरक कशाने पडला? पुस्तक याचं एक उत्तर मोठ्याने देतं आणि दुसरं हळू आवाजात देतं. ही दोन उत्तरं ते कुठेही एकत्र आणत नाही. पुस्तकाची ताकद आणि अडचण दोन्ही तिथे आहेत.

पहिली गोष्ट तपशिलात बघू, कारण ती घाईत वाचली जाते. अनंतशास्त्री डोंगरे विद्वान ब्राह्मण होते. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवलं, घर सुटलं, आणि कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडू लागलं. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होतं ते देवांना आणि ब्राह्मणांना देऊन झालं, व्रतं झाली, उपास झाले, क्षेत्रं झाली. रमाबाई हे सगळं वर्णन करताना एक गोष्ट स्पष्ट म्हणतात: जातीच्या आणि विद्येच्या अभिमानामुळे आम्ही अंगमेहनतीचं कुठलंच काम शिकलो नव्हतो, करायला तयारही नव्हतो. वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. काही महिन्यांत सगळं संपलं. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई, आणि त्यांची पायपीट.

या भागाचा सूर पकडा. इथे आईवडिलांच्या श्रद्धेची टिंगल नाही. धर्मांतरितांच्या आत्मकथनांत जुन्या धर्मावर जी सरसकट काळी शाई ओतलेली असते, ती इथे कमी आहे. उलट वडिलांची निष्ठा पूर्ण होती हे त्या ठासून सांगतात. म्हणूनच प्रसंग जास्त बोचतो. विसंबण्यात कसूर नव्हती, तरीही अन्न आलं नाही.

आता ‘साक्ष’ या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. कारण सिनॉप्सिसमध्ये ‘आत्मचरित्र’ एवढंच लिहून चालणार नाही. इव्हँजेलिकल परंपरेत साक्ष द्यायची म्हणजे प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं. सांगणारा साक्षीदार आहे, नायक नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात येशू शिष्यांना आधी सामर्थ्य मिळेल असं सांगतो आणि मग तुम्ही माझे साक्षी व्हाल असं म्हणतो. क्रम लक्षात घ्या. मंडळीचं सेवाकार्य आपल्या हिमतीवर सुरू करायचंच नाही, आधी वाट पाहायची, ही त्यामागची धारणा. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही (चौथा अध्याय) संपत्ती मातीच्या भांड्यांत ठेवल्याची प्रतिमा येते. सामर्थ्य भांड्याचं नाही, देवाचं आहे हे दिसावं म्हणून. रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावातली ‘संपत्ती’ वाचताना बायबल माहीत असलेल्याला ती प्रतिमा आठवल्याशिवाय राहत नाही. आपण मराठी किंवा इतिहास विभागातली मुलं बायबल न वाचता मिशनरी साहित्यावर पेपर लिहितो, ही मला अजिबात न पटणारी गोष्ट आहे. ज्ञानेश्वरीचा अभ्यास गीता न उघडता कुणी करेल का?

तर या प्रकाराचा नियम असा की कर्ता नेहमी देव असणार. त्यामुळे ‘देवाने दिलं’ हे वाक्य येणं हा शोध नव्हे, ते येणारच आहे. आपण बघायचं ते वाक्य कुठे येतं, त्याच्या आधी काय असतं, आणि कुठल्या ठिकाणी ते अपेक्षित असूनही येत नाही.

रमाबाईंनी हा नियम एका विशिष्ट घराण्यातून घेतला. त्या स्वतःच सांगतात की तीन पुस्तकांचा परिणाम झाला. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशनची हकिकत, आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर काम करणारे जॉन पेटन यांचं चरित्र. या मंडळींच्या कामाला ‘फेथ मिशन’ म्हणतात. पगाराची हमी नाही, कर्ज काढायचं नाही, माणसाकडे हात पसरायचा नाही, गरज फक्त देवापुढे मांडायची. हे वाचून रमाबाईंना प्रश्न पडला की आपल्या देशात असं होऊ शकेल का. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण वडिलांची गोष्ट त्याच्या मागेच उभी आहे. देवावर टाकून बसल्यावर काय होतं हे या बाईने एकदा पाहिलेलं आहे.

इथे एक चाणाक्षपणा ठेवा. म्युलर कुणाकडे मागत नसत, पण दरवर्षी अहवाल छापत. कधी, किती, कशी मदत आली याचे तपशील त्यात असत, आणि ते अहवाल वाचून लोक पैसे पाठवत. म्हणजे न मागणंही एका छापखान्यातून जात होतं. मुक्तीचंही तसंच. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे नियतकालिक निघायचं, परदेशात जायचं. हे दाखवलं की काही जणांना वाटतं, पकडलं! मला यात पकडण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्या हातून मदत येते तो माणूस असतो हे रमाबाईंनाही ठाऊक होतं, त्या देणगीदारांचे आभारही मानतात. त्यांचं म्हणणं इतकंच की त्या माणसाला हलवणारा दुसरा आहे. या म्हणण्याला बँकेच्या पावतीने ना पुरावा मिळतो ना खंडन होतं. मात्र पावतीने एक वेगळी गोष्ट कळते: पैशाबरोबर अट आली होती की नाही.

आणि अट हा रमाबाईंच्या आयुष्यातला दुखरा भाग आहे. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (ए. बी. शहा यांनी संपादित केलेला, 1977) जरूर वाचा. शिष्येने किती प्रश्न विचारावेत यावर तिथे सतत रस्सीखेच चालते. पुढे 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षांची मदत कबूल केली, पण शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या अटीवर. 11 मार्च 1889 ला मुंबईत सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, मुलींना बसावंसं वाटलं तर मनाई करत नसत. यावरून 1893 मध्ये वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. वाद कोण बरोबर कोण चूक या अंगाने शंभर वेळा झालाय, त्यात मी पडत नाही. आपल्या कामाचं एवढंच की दहा वर्षांत या बाईने बिशपला, कॉन्व्हेंटला, बॉस्टनच्या समितीला आणि पुण्याच्या सल्लागारांना आळीपाळीने जाब दिला.

आता ‘मी फक्त देवावर विसंबते’ हे वाक्य पुन्हा वाचा. त्याचा एक व्यवहारी अर्थ झटकन समोर येतो: यापुढे कुठलीही समिती मला अट घालू शकणार नाही. सामर्थ्य वरून येत असेल तर मधल्या कुणाचाही हुकूम चालत नाही. नम्रतेचं वाक्य स्वातंत्र्याचं काम करतं. हे वाचन मला आवडतं, आणि व्हायवात ते चांगलं उभं राहील. पण त्यावर थांबू नका. कारण थांबलात की देवाचं नाव हे नुसतं स्वायत्ततेचं टोपणनाव ठरतं, आणि आपण पहिल्या प्रकारच्या अनुवादाकडेच परत आलेलो असतो, फक्त जरा स्त्रीवादी वळणाने. रमाबाईंना स्वायत्तताच हवी असती तर ती म्हणायला त्यांच्याजवळ भाषा होती. 1889 चं ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ उघडून बघा. तिथे बायकांच्या संघटना, त्यांची कामं, त्यांचा उत्साह यांचं भरभरून वर्णन आहे. बळ कुठून येतं? तर एकत्र येण्यातून. अठरा वर्षांनी तीच लेखिका बळाचा उगम दुसरीकडे दाखवते. तो बदल समजून घ्यायचा, वजा करून टाकायचा नाही.

बदल कधी झाला याबद्दल ‘साक्ष’ स्पष्ट आहे. त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं पुस्तक वाचताना हे उमगलं असं त्या सांगतात. म्हणजे साधारण 1891. वादळाच्या आधी. तेव्हा ‘लोकांनी सोडलं म्हणून देवाकडे वळल्या’ हे जे सोपं कारण दिलं जातं, त्याचा निदान त्यांनी दिलेल्या क्रमाशी तरी मेळ बसत नाही.

आता पुस्तकातला मला सर्वांत विचित्र वाटणारा प्रसंग. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींची शिबिरं भरत. तिथे रमाबाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या, या मुलींनी विश्वास पत्करलेला. रमाबाईंच्या मनात आलं की पुढच्या शिबिरापर्यंत देवाने या संख्येचा वर्ग करून द्यावा. पंधराचा वर्ग म्हणजे दोनशे पंचवीस. एवढ्या मुली येणार कुठून, राहणार कुठे, काहीच ठरलेलं नाही. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या जणींना ठेवणं शक्य नाही, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे मुक्ती उभी राहिली. 1900 च्या आसपास, गुजरातच्या दुष्काळानंतर, ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

भाविक वाचक इथे प्रार्थनेचं उत्तर पाहतो. अविश्वासी वाचक योगायोग पाहतो, आणि जरा कडवट असेल तर म्हणतो, हजारोंची उपासमार हे तुमच्या प्रार्थनेचं उत्तर? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण पुस्तक त्याला कसं सामोरं जातं ते बघा. रमाबाई आकड्यावर फार वेळ थांबत नाहीत. दुष्काळी भागात जाताना त्यांना आठवतो तो स्वतःचा दुष्काळ, वीस वर्षांपूर्वीचा. त्या मुलींमध्ये त्यांना स्वतः दिसतात. इथे पहिली गोष्ट आणि दुसरी गोष्ट एकमेकींना भिडतात. आणि इथेच, जिथे आपण अपेक्षा करतो की लेखिका म्हणेल ‘तेव्हा त्या देवांनी दिलं नाही, आता या देवाने दिलं’, तिथे मजकूर भलतीकडे वळतो, म्हणजे कामाकडे.

कारण केडगावला शेत होतं. फळझाडं होती. बॉस्टनची दहा वर्षं संपल्यावर सदनाचा खर्च निघावा म्हणून रमाबाईंनी ती जमीन आधीच घेऊन ठेवली होती. मुक्तीत विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, गुरंढोरं, शिवण, धुणं, पुढे छापखाना. दोन हजार माणसांत हाताने काम न करणारं कुणी नाही. वडिलांच्या कुटुंबाला जे जमलं नाही, म्हणजे ब्राह्मणाने मातीत हात घालणं, ते इथे दिवसाचं वेळापत्रक झालं. माझ्या मते ‘साक्षी’चं दुसरं, हळू आवाजातलं उत्तर हे आहे. पहिल्या विसंबण्यात हात रिकामे होते, दुसऱ्यात कामात होते. मोठ्या आवाजातलं उत्तर अर्थात वेगळं आहे: तो देव खरा नव्हता, हा आहे.

दोन्ही उत्तरं पुस्तकात आहेत. मात्र ‘आम्ही राबलो म्हणून जगलो’ असं वाक्य लिहायची परवानगी साक्ष हा प्रकार देत नाही. दिली तर साक्षीदार नायक होतो. त्यामुळे श्रम वर्णनात दिसतात, कारणमीमांसेत दिसत नाहीत. मला ही या पुस्तकातली खरी उणीव वाटते, वाङ्मयीन आणि नैतिकही. उणीव म्हणते, ढोंग म्हणत नाही. रमाबाईंच्या धर्मशास्त्रात श्रमाला जागा होती हे त्यांच्या संस्थेवरून दिसतंच. ती जागा शब्दांत मात्र आली नाही. आणि जे शब्दांत येत नाही त्याचं श्रेयही कुणाला मिळत नाही.

श्रेय कुणाचं गेलं? मुलींचं. एवढ्या मोठ्या संस्थेतल्या मुली ‘साक्षी’त संख्या म्हणून येतात किंवा पालटलेली मनं म्हणून येतात. 1905 चं उदाहरण घ्या. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत झालेल्या आध्यात्मिक जागृतीच्या बातम्या आल्या होत्या, मुक्तीत मुलींचे प्रार्थनेचे गट सुरू झाले, आणि जूनच्या अखेरीस तिथेही जागृती झाली. मोठ्याने प्रार्थना, रडणं, पापांची कबुली. पुढे मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. मुक्तीतल्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी याच अनुभवावर 1906 मध्ये पुस्तक लिहिलं, ते चिलीपर्यंत पोहोचलं आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाशी त्याचं नाव जोडलं जातं. केडगावहून चिली! पण ज्या मुलींवर हे सामर्थ्य उतरलं असं म्हणतात, त्यांतल्या एखादीला त्या रात्री काय वाटलं, कुणी प्रार्थनेच्या गटात जायला नकार दिला का, हे आपल्याला या पुस्तकातून कळत नाही. बिशप आणि समित्यांना दूर ठेवणारं ‘सामर्थ्य देवाचं’ हे वाक्य आतल्या बाजूला काय करतं? ज्या मुलीला जायला दुसरं घर नाही, तिने संचालिकेशी मतभेद एकवेळ दाखवला असता. देवाशी कसा दाखवणार? बाहेरच्यांपासून मोकळं करणारं वाक्य आतल्यांना बांधू शकतं, आणि तसं झालं की नाही हे तपासायला आपल्याकडे मुक्तीच्याच छापखान्यातली पानं आहेत, ही खरी पंचाईत.

इथे तुमच्यापैकी अनेकांना दीपेश चक्रवर्ती आठवतील. आठवावेतच. 1855 च्या संथाळ उठावात नेते म्हणाले की लढणारा स्वतः ठाकूर आहे. रणजित गुहांनी त्या धार्मिक जाणिवेला बंडाच्या केंद्रस्थानी आणलं, पण इतिहासकार म्हणून ठाकूरला कर्ता करणं त्यांना शक्य नव्हतं. चक्रवर्ती ‘प्रोव्हिन्शियलायझिंग युरोप’मध्ये (2000) याच फटीवर बोट ठेवतात. हा मुद्दा आपल्याला उपयोगी आहे. पण तो उचलून केडगावला चिकटवू नका. संथाळ नेत्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते सरकारी कागदांतून, शत्रूच्या लेखणीतून. रमाबाईंकडे स्वतःची लेखणी होती, इंग्रजी होती, छापखाना होता, परदेशात वाचक होते. देवाला कर्ता म्हणणारी व्यक्तीच इथे अर्काईव्हची मालकीण आहे. त्यामुळे ‘दबलेला आवाज’ शोधायचा तर तो रमाबाईंच्या एक पायरी खाली शोधावा लागेल. थिअरीचं प्रकरण पहिल्या वर्षी लिहून टाकायचं आणि मग त्यात सोर्स बसवायचे, ही जी आपल्याकडची रीत आहे, तिचा तोटा अशा ठिकाणी होतो.

मग वाक्याचं करायचं काय? मी माझ्या मसुद्यात सध्या असं लिहिते: ‘रमाबाई मुक्तीच्या उभारणीचं श्रेय देवाला देतात. हे श्रेय देताना त्या कुठल्या समितीचा हक्क अमान्य करतात आणि कुणाच्या श्रमाचा उल्लेख करून त्याला कारण म्हणत नाहीत, हे पुढे पाहू.’ वाक्य थोडं लांब आहे, भाषाही काही फार देखणी नाही. पण त्यात रमाबाईंचं म्हणणं रमाबाईंचंच राहतं, मी त्याचा अनुवाद करत नाही आणि त्यावर सहीही करत नाही. ‘देतात’ या क्रियापदाने एवढं साधतं. ‘देवाने मुक्ती उभारली’ किंवा ‘देणग्यांनी मुक्ती उभारली’ अशी वाक्यं प्रकरणात आली की ती कुणाच्या तोंडची आहेत ते स्वतःला विचारा. गाईडला शंका येईल की तुम्ही बाजू घेत नाही. त्यांना पुढचं प्रकरण दाखवा.

शोधायचं कुठे, तर एक दिशा तुलनेची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलेली असतील, निदान निवडक तरी. नारायण वामन टिळक हेही देवावर हवाला ठेवून हातातलं देऊन टाकणारे. 1917 मध्ये तर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरीच सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. पण त्या विसंबण्याची हकिकत आपल्याला मिळते ती ज्या बाईला त्यावर घर चालवायचं होतं तिच्याकडून, चिडून, हसून, आणि शेवटी स्वतःच्या श्रद्धेने सांगितलेली. तिथे देव पुरवतो आणि लक्ष्मीबाईही पुरवतात, आणि त्या दोन्ही नोंदी एकाच पानावर येऊ शकतात. ‘साक्षी’ला अशी लक्ष्मीबाई मिळालेली नाही. देवदत्त नारायण टिळकांनी, म्हणजे त्यांच्याच मुलाने, पुढे रमाबाईंचं चरित्र लिहिलं (‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’, 1960), ते शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे.

दुसरी दिशा छापखान्याची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, अगदी शेवटपर्यंत त्यावर काम चालू होतं, आणि त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली. खिळे जुळवणाऱ्या, प्रुफं बघणाऱ्या बायका म्हणजे वाचता येणाऱ्या बायका. त्यांतल्या काहींनी पत्रं लिहिली असतील, काहींची नातवंडं अजून पुणे-सोलापूर रेल्वेलाइनच्या आजूबाजूच्या गावांत असतील. ‘मुक्ती प्रेयर बेल’च्या अंकांपासून सुरुवात करायची तर रमाबाईंचा मुख्य मजकूर आधी बाजूला ठेवा. कोपऱ्यातल्या छोट्या नोंदी बघा, कामाच्या विभागांची नावं, फोटोखालच्या ओळी. आणि प्रत्येक नावापुढे वहीत दोन रकाने ठेवा: तिने काय काम केलं, आणि त्याचं श्रेय मजकुरात कुणाला दिलंय.